भरती साडेतीन!

मोबाइल हातात घ्या. डायल पॅड उघडा आणि *#०६# टाइप करा. हिरवं बटण दाबायचीसुद्धा गरज नाही. स्क्रीनवर पंधरा आकडी नंबर झळकेल. हा तुमच्या हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा जन्मदाखलाच म्हणा ना! आमच्या कॉलेजात ही ट्रिक ज्याला पहिल्यांदा कळली, तो आठवडाभर भाव खात फिरला होता. कुठल्याही मेन्यूत सहज न दिसणारी, पण बरोबर शब्द उच्चारला की उघडणारी खिडकी. एकदम 'तिळा तिळा दार उघड' स्टाइल.

कॉम्प्युटर गेम्समध्येही अशी एक खिडकी असते. तिला म्हणतात कन्सोल. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनसारख्या डब्यालाही कन्सोलच म्हणतात, पण तो वेगळा. हा कन्सोल म्हणजे चालू गेमवर वरून सरकत येणारी काळी पट्टी आणि तिच्यात लुकलुकणारा कर्सर. तिथे तुम्ही गेमशी थेट बोलता. बटण नाही, चित्र नाही, माउस नाही. नुसते शब्द.

गेली दीड-दोन वर्षं मी ऑफिस सुटल्यावर आणि वीकएंडला असाच एक कन्सोल बनवतेय. हे सांगितलं की समोरचा विचारतो, 'म्हणजे गेम बनवतेस?' हो, गेमही बनवतेय. पण खरा जीव अडकलाय तो या काळ्या पट्टीत. आणि त्याला कारण माझा मामा.

गुरुत्वाकर्षण ८००

२००५-०६च्या सुमाराला अलिबागच्या सायबर कॅफेत मी आणि माझा भाऊ काउंटर स्ट्राइक खेळायला जायचो. आईला सांगायचो, 'प्रोजेक्टचं काम आहे.' तिथला एक दादा एस्केपच्या खालची टिल्डची की दाबायचा, काळी पट्टी खाली यायची, तो 'एसव्ही ग्रॅव्हिटी' असं काहीतरी टाइप करून पुढे १०० लिहायचा आणि आम्ही सगळे चंद्रावर असल्यासारखे उड्या मारत सुटायचो. नेहमीचा आकडा ८००. तो १०० केला की उडी आठपट. आम्हाला ती जादू वाटायची.

जादू नव्हती, वारसा होता. १९९६च्या जूनमध्ये इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा 'क्वेक' आला. त्याचं इंजिन लिहिण्यात मुख्य हात होता जॉन कारमॅकचा. या क्वेकच्या इंजिनात फेरफार करून १९९८मध्ये 'हाफ लाइफ' झाला, हाफ लाइफवर काउंटर स्ट्राइक उभा राहिला. म्हणजे अलिबागच्या कॅफेत आम्ही उघडत होतो ती खिडकी थेट क्वेकच्या घराण्यातली. १९९९च्या डिसेंबरमध्ये क्वेकचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. मी तो वाचला तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि वाचताना उडालेच.

कारण क्वेकमध्ये कन्सोल ही नंतर चिकटवलेली गोष्ट नाहीच. तुम्ही पुढे जायची की दाबली की इंजिन स्वतःलाच एक वाक्य पाठवतं: 'प्लस फॉरवर्ड'. बोट उचललंत की दुसरं वाक्य: 'मायनस फॉरवर्ड'. कीबोर्डवरचं बोट असो, सेटिंग्जची फाइल असो की हाताने टाइप केलेली ओळ, सगळं एकाच रांगेत उभं राहतं आणि एकाच खिडकीवर तपासलं जातं. व्हीआयपी कोटा नाही!

आता माझ्या गेमबद्दल. कुलाबा किल्ला तुम्ही पाहिलाच असेल. निदान मांडव्याच्या बोटीतून उतरून, अलिबाग बीचवर मक्याचं कणीस खात लांबून तरी. १६८०च्या सुमाराला बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला भर पाण्यात आहे. ओहोटीला मात्र तुम्ही चालत जाऊ शकता, घोडागाडीही जाते. माझा गेम एवढाच: ओहोटीला किल्ल्यावर जायचं, तिथली कामं उरकायची आणि पाणी चढायच्या आत परत यायचं. बंदूक नाही, राक्षस नाही. व्हिलन म्हणजे घड्याळ.

'अगं, मग रेडीमेड इंजिन घे ना!' हा सल्ला मला शंभरदा मिळालाय. बरोबरच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' आणला, तो अनरियल या तयार इंजिनावर केलेला आहे आणि काय देखणा आहे! पण मला इंजिन आतून कसं चालतं तेच शिकायचं होतं. माझ्या गेमला लागतंय काय? वाळू, किल्ला, माणूस आणि पाणी. म्हटलं, घरीच करू. चूल मांडली.

रिसेप्शनचा फंडा

लवकरच एक हिशेब समोर आला. पाणी किती वेगाने चढावं, हा एक आकडा. तो बदलायचा म्हणजे गेम बंद करा, कोडमध्ये आकडा बदला, कम्पाइल करा, गेम पुन्हा चालू करा, वाळूतून चालत किल्ल्यापर्यंत जा आणि बघा. तीन मिनिटं. चाळीस वेळा बदललं की दोन तास. म्हणजे माझी अख्खी संध्याकाळ. त्यात चित्रं काढणारा मित्र ठाण्याला. त्याचे मेसेज यायचे, 'पाणी किंचित हिरवं कर ना.' केलं. 'किंचित कमी हिरवं.' केलं. 'आधीचंच बरं होतं.' तो वैतागलेला, मी वैतागलेली. एकदा तर त्याने सरळ लिहिलं, 'मला माझं काम तुझ्या हाताने करावं लागतंय.' दोन माणसांची टीम अशाच वाक्यावर फुटते.

म्हणून कन्सोल. त्याचं डिझाइन समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. ऑफिसचं रिसेप्शन डोळ्यांसमोर आणा.

रिसेप्शनवरच्या मुलीला अकाउंट्सचं काम येत नाही, एचआरचंही येत नाही. तिच्याकडे फक्त यादी असते: अमुक काम, तमुक टेबल. नवीन डिपार्टमेंट आलं की तेच येऊन तिच्या यादीत आपलं नाव लिहून जातं. कन्सोलही तसाच. पाण्याचा कोड सुरू होताना येऊन सांगतो, 'कोणी भरती म्हणालं तर माझ्याकडे पाठव.' वाऱ्याचा कोड सांगतो, 'वारा म्हणालं तर मी.' कन्सोलला ना पाणी कळतं ना वारा. त्यामुळे उद्या पाऊस आला तरी कन्सोलची एक ओळ बदलावी लागत नाही.

दुसरा फंडा क्रिकेटचा. बोलर ओव्हर संपल्यावर बदलतात, बॉल हवेत असताना नाही. गेम सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो. एक चित्र अर्धवट असताना कोणी समुद्राची पातळी बदलली तर अर्धं पाणी जुनं आणि अर्धं नवं! म्हणून टाइप केलेली आज्ञा लगेच चालत नाही. ती रांगेत उभी राहते आणि दोन चित्रांच्या मधल्या फटीत चालते. तुम्हाला उशीर जाणवतही नाही.

तिसरा फंडा मी क्वेककडून जसाच्या तसा उचललाय. नुसतं नाव टाइप केलं की आत्ताचा आकडा दिसतो. नाव आणि पुढे आकडा टाइप केला की तो बदलतो. विचारायला आणि सांगायला एकच शब्द. आईला 'चहा?' म्हटलं तर तो प्रश्न असतो आणि 'चहा दोन' म्हटलं तर ऑर्डर, तसंच.

ठाण्याच्या मित्राला ही पट्टी मिळाली आणि पहिल्याच रात्री त्याने पाण्याचे सत्तर रंग करून बघितले. मला एकही मेसेज नाही. आमची मैत्री वाचली ती अशी.

पानी अलिबागचं पायजे

मग आला मामा. मामा अलिबागच्या कोळीवाड्यातला, आयुष्यभर तांडेल. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मामाची होडी त्यात मोडली. दुरुस्तीचा खर्च आणि स्वतःचं वय यांची बेरीज करून त्याने समुद्रावर जाणं थांबवलं. मुलगा पनवेलला नोकरीला. तेव्हापासून मामा घरी असतो आणि घरी असलेला तांडेल म्हणजे काय ते मामीला विचारा!

मी सुट्टीत गेले तेव्हा लॅपटॉपवर त्याला गेम दाखवला. मामाने किल्ला बघितला, मान डोलावली. मग पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'बाय, नाव अलिबागचं लावतेस ना? मग पानी बी अलिबागचंच पायजे. कोन पोर ह्ये बघून खरंच चालत जाईल.'

हसण्यावारी नेण्यासारखं वाक्य नव्हतं. गेममध्ये बुडालं तर पुन्हा स्टार्ट दाबता येतं. खऱ्या किल्ल्यावर वेळ चुकली तर पाणी उतरेपर्यंत अडकून पडणं हा त्यातला बरा पर्याय. आणि मामाला जे माहीत होतं ते माझ्या कोडमध्ये नव्हतं, कुठल्या पुस्तकातही त्याच्या शब्दांत नव्हतं. ते बाहेर काढायचं कसं? मी शेजारी बसून 'मामा, आता कसं वाटतं?' विचारत राहणं म्हणजे पुन्हा तेच, त्याचं काम माझ्या हाताने. मामाला स्वतःला पाण्याशी बोलता आलं पाहिजे.

पण मामा इंग्रजी टाइप करत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी टाइप करतो, कंटाळा आला की माइकचं बटण दाबून बोलतो. मग मी दोन गोष्टी केल्या. एक, कन्सोलचं दार फोनवरूनही उघडलं. लॅपटॉपवर गेम, मामाच्या हातात फोन, दोन्ही एकाच वायफायवर. (दूरवरून आज्ञा द्यायची ही आयडियाही क्वेकच्या घराण्यातलीच. सर्व्हर चालवणारे लोक लांबून असेच हुकूम सोडायचे.) दोन, सगळ्या आज्ञा मराठीत. भरती. ओहोटी. वारा. तिथी.

वाटलं होतं, नावं बदलली की झालं. नाही हो! मराठी कन्सोल हे वेगळंच प्रकरण निघालं.

मामा ओहोटी म्हणतच नाही, तो म्हणतो सुकती. ठीक, एकाच टेबलाला दोन नावं दिली. मग ऱ्हस्व-दीर्घ. 'तिथी', 'तीथी', 'तिथि', काहीही येऊ शकतं. शाळेत मार्क कापले जातात, पण चढत्या पाण्यासमोर उभ्या माणसाचे कापायचे का? मी आज्ञा शोधण्याआधी सगळ्या वेलांट्या आणि उकार एकाच मापाचे करून घेते. मग आकडे. ४ हा मराठी आकडा सी प्लस प्लसच्या नेहमीच्या फंक्शनला आकडा वाटतच नाही, तो त्याला एखाद्या नक्षीसारखा दिसतो. त्याचं भाषांतर आधी करावं लागतं.

आणि मग मामाने माइकचं बटण दाबलं आणि म्हणाला, 'भरती साडेतीन.'

फोनने इमानदारीत 'साडेतीन' असं अक्षरी लिहिलं. आता आपल्याकडे पाऊण आहे, सव्वा आहे, दीड आहे, अडीच आहे, पावणेदोन आहे. इंग्रजीत आज्ञा लिहिणाऱ्याला हे टेन्शन कधी आलंच नसेल. सव्वा एकटा आला तर १.२५, पण 'सव्वादोन' आला तर २.२५. पावणे म्हणजे पुढच्या आकड्यातून पाव वजा. साडे म्हणजे पुढच्या आकड्यात अर्धा मिळवा, पण साडेएक आणि साडेदोन असतच नाहीत, तिथे दीड आणि अडीच. एक अख्खा रविवार मी हा पाढा कोडमध्ये लिहीत बसले. आयुष्यातला सर्वांत सुंदर रविवार, शप्पथ!

चुकलेल्या शब्दाचं काय करायचं, हाही डिझाइनचाच भाग. बहुतेक कन्सोल तोंडावर फेकतात, 'अशी आज्ञा नाही.' सरकारी खिडकीसारखं. मला ते नको होतं. दोन शब्द एकमेकांपासून किती अक्षरं लांब आहेत हे मोजायची एक रीत व्लादिमिर लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५मध्ये मांडली होती. किती अक्षरं घातली, काढली किंवा बदलली की एका शब्दाचा दुसरा होतो, ते मोजायचं. ती मी वापरली. एकदा मामाच्या फोनने 'सुकती'चं 'सुकट' केलं. कन्सोल म्हणाला, 'सुकट नावाची आज्ञा नाही. सुकती म्हणायचंय का?' मामी स्वयंपाकघरातून ओरडली, 'सुकट हाय, डब्यात हाय!' त्या रात्री जेवायला सुकटच होती.

अष्टमी आणि पुनव

गंमत संपली आणि मामा कामाला लागला. त्याने टाइप केलं: 'तिथी १५'. पौर्णिमेचं पाणी बघितलं. मग 'तिथी ८'. बघितलं. पुन्हा १५. पुन्हा ८. एका मिनिटात चार वेळा. आधीच्या पद्धतीने याला बारा मिनिटं लागली असती आणि तोवर आधीचं पाणी डोळ्यांसमोरून गेलं असतं.

'अष्टमीला न् पुनवेला सारखंच पानी?' मामा म्हणाला. 'अष्टमीला भांग असतो गो.'

भूगोलात आपण सगळ्यांनी घोकलंय: उधाणाची भरती आणि भांगाची भरती. पहिल्या आवृत्तीत मी मुद्दाम एकच लाट ठेवली होती, चंद्राची, सुमारे १२ तास २५ मिनिटांची. सूर्याची बरोब्बर १२ तासांची लाट नंतर घालू म्हटलं होतं. ती लगेच घातली. या दोन लाटांच्या वेळा किंचित वेगळ्या असल्यामुळे त्या कधी एकमेकींच्या मदतीला येतात, कधी एकमेकींना कापतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मदत, म्हणून उधाण. अष्टमीच्या आसपास काटाकाटी, म्हणून भांग.

मग मामाने मला एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा ढोबळ हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. मी तो 'तिथी' या आज्ञेच्या उत्तरात घातला. आता तिथी टाइप केली की माझ्या लाटांची वेळ आणि मामाच्या पाऊणपटीची वेळ शेजारी-शेजारी दिसते. दोन्हींत फार अंतर पडलं तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. 'पहिल्या घंट्याला पानी झोपलेलं असतं. मधल्या दोन घंट्यांत पळतं.' जगभरचे खलाशी हाच हिशेब बारा वाटे करून सांगतात: सहा तासांच्या चढणीत पहिल्या तासाला एक वाटा, मग दोन, मग तीन, तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं. किल्ल्यावर फोटो काढत बसलेला माणूस पहिल्या तासाचं झोपलेलं पाणी बघतो आणि म्हणतो, अजून बराच वेळ आहे. तो फसतो तो इथे.

मध्येच मामाने विचारलं, 'मी टाइप करताना पानी थांबत का नाय?' बऱ्याच गेम्समध्ये थांबतं. मी मुद्दाम थांबवलं नाही. याचं उत्तर अलिबागमध्येच आहे. तिथली चुंबकीय वेधशाळा ठाऊक आहे ना? आधी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला व्हायची. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेमुळे मोजणी बिघडेल हे लक्षात आलं. म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, चुंबकत्व नसलेलं बांधकाम साहित्य निवडून. विजेची ट्राम मुंबईत १९०७ला धावली, तोवर इथे काम सुरूही झालं होतं. बघणाऱ्याने बघायच्या गोष्टीला धक्का लावायचा नाही, हा धडा आमच्या गावात दगडात बांधून ठेवलाय. मग माझ्या कन्सोलने पाणी का थांबवावं?

वारा ११०

तिसऱ्या संध्याकाळी मामाने टाइप केलं: 'वारा ११०'.

प्रत्येक आकड्याला मी मर्यादा घातलेली. वाऱ्याला ० ते ६०, ताशी किलोमीटर. कन्सोलने नम्रपणे सांगितलं, 'वारा ६०च्या वर जात नाही.'

मामा हसला नाही. म्हणाला, 'निसर्गाला कोनी सांगितलं होतं?'

निसर्ग किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मामाने तो आकडा टीव्हीवर ऐकलेला नव्हता. त्या दिवशी घरात लाइटच नव्हती. तो आकडा त्याला नंतर कळला, आणि कळला तो कायमचा.

मर्यादा काढून टाकणं सोपं होतं. पण खेळणाऱ्याने ५००० टाकलं तर गेम कोसळेल, मर्यादा हवीच. प्रश्न हा की कोणासाठी. मोठ्या इंजिनांत याची सोय असते. काही आज्ञा सगळ्यांना खुल्या, काही फक्त चीट्स चालू असताना, काही बदल लगेच न लागता पुढच्या खेळापासून लागू. मी माझ्याकडे दोन दारं केली. खेळणाऱ्याच्या दारावर मर्यादा पक्की. बनवणाऱ्याच्या दारावर मर्यादा म्हणजे फक्त सूचना: 'हे नेहमीपेक्षा जास्त आहे, तरी करू?' 'हो' म्हटलं की होतं.

मामाचं नाव बनवणाऱ्यांच्या यादीत आहे. त्याने 'हो' म्हटलं. स्क्रीनवर माड वाकले, पाणी पांढरं झालं, आवाज फाटला. तो दहा-पंधरा सेकंद बघत राहिला आणि मग स्वतःच टाइप केलं: 'वारा १०'. काही बोलला नाही. मीही नाही.

कन्सोलची आणखी एक सवय असते: टाइप केलेली प्रत्येक ओळ तो वेळेसकट एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. तीच फाइल पुन्हा चालवली की तीच संध्याकाळ पुन्हा घडते. प्रोग्रामरसाठी हे गडबड शोधायचं साधन. पण मामाने समुद्राबद्दल आयुष्यात कधी एक ओळ लिहिली नव्हती. सगळं डोक्यात, हातात आणि होडीत. होडी गेली. आता माझ्याकडे तीन संध्याकाळींची एक फाइल आहे. कुठल्या तिथीला तो कुठल्या वेळी थांबला, काय बघून मागे गेला, कोणता आकडा त्याला पटला, सगळं ओळीने. मुलगा पनवेलहून आला की त्याला ही फाइल चालवून दाखवायचं ठरलंय. मामाला वाटतं, तो बोअर होईल. बघू.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? आपण थोडेच गेम बनवतो! पण जरा ऑफिसमध्ये आजूबाजूला बघा. अशी एक्सेल शीट असते जी फक्त एकालाच चालवता येते. अशी सिस्टीम असते जिचा एक आकडा बदलायला तीन मेल आणि एक तिकीट लागतं. आणि ज्याला खरंच काम कळतं तो माणूस कोपऱ्यात बसून म्हणत असतो, 'मला विचारलं असतंत तर...' त्याला विचारण्यापेक्षा त्याच्या भाषेतली एक खिडकी करून द्या आणि बाजूला व्हा. कन्सोल डिझाइन करणं म्हणजे एवढंच. बनवणाऱ्याने सगळ्या गोष्टींच्या मधून स्वतःला काढून घ्यायचं.

गेम अजून पूर्ण झालेला नाही. बाहेर येईल तेव्हा बाकीच्या सगळ्या आज्ञांना कुलूप असेल, पण एक आज्ञा खेळणाऱ्याला कायम खुली राहील. ती मामाने मागून घेतलीय. नाव आहे 'परत'. किल्ल्यावर कुठेही उभे असा, 'परत' टाइप करा. गेम सांगतो, आजच्या तिथीला, आत्ताच्या पाण्याला, इथून निघायची शेवटची वेळ कुठली. यासाठी पॉइंट कापले जात नाहीत. मी म्हटलं होतं, मामा, मग गेम सोपा होईल. तो म्हणाला, 'सोपाच पायजे.'

आणि खऱ्या किल्ल्यावर जाणार असाल तर तिथे टिल्डची की नाही. निघायच्या आधी किनाऱ्यावर कुणालाही विचारा, 'सुकती कधीपर्यंत आहे?' उत्तर फुकट मिळतं. आणि हो, सुकती म्हणा. सुकट म्हणालात तर जेवूनच यावं लागेल!